सरासरी तिवर कुठेच उगवत नाही

बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या कांदळवनाची सुमारे 22 हजार झाडे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये परवानगी दिली. आधीचा आकडा 53 हजारांच्या वर होता. तो कमी झाला तरी लागवड मूळ आकड्याच्या पाचपट करू, असे प्रकल्पाच्या कंपनीने न्यायालयात सांगितले. झाडे वाचली त्याचा आनंदच आहे. पण तेव्हापासून ‘एकाला पाच’ हा जणू जैवविविधतेचाच हिशेब झाला आहे. एका प्रजातीचे कुठलेही झाड त्याच प्रजातीच्या दुसऱ्या झाडाची जागा घेऊ शकते, हे त्यात गृहीत धरलेले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. खुद्द 2002 चा जैविक विविधता कायदासुद्धा विविधतेच्या व्याख्येत प्रजातींमधल्या फरकांइतकेच एकाच प्रजातीच्या पोटातले फरकही मोजतो.

डार्विनने 1859 मध्ये सुरुवात केली ती याच फरकांपासून. मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आल्यावर ते अनुवंशशास्त्राच्या वाट्याला गेले आणि परिस्थितिकीने आपल्याकडे अख्खी प्रजाती तेवढी ठेवली. प्रजातींमधल्या स्पर्धेची गॉसची मांडणी, ‘इतक्या प्रजाती का?’ हा हचिन्सनचा 1959 चा प्रश्न, एकत्र नांदणाऱ्या प्रजाती एकमेकींसारख्या किती असू शकतात याचे मॅकआर्थर आणि लेविन्स यांचे 1967 चे उत्तर हे सगळे याच वाटेवरचे. या मांडणीत प्रजाती उभी राहते ती तिच्या सरासरीवर. व्हॅन व्हेलनने 1965 मध्ये व्यक्तींमधल्या फरकाकडे बोट दाखवले होते, पण मुख्य प्रवाह सरासरीच्याच बाजूने वाहिला.

फरक परत आला तो समुद्राच्या काठाने. 2004 मध्ये ह्यूज आणि स्टॅकोविझ यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एकाच प्रजातीच्या सागरी गवताचे वाफे लावले. काहींत एकच जनुकीय वाण, काहींत आठपर्यंत. हंसांनी गवत चरून फस्त केले, तेव्हा मिश्र वाफे जास्त टिकले आणि लवकर सावरले. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत बाल्टिक समुद्रातही असेच दिसले. तिथे तर गवताच्या आसऱ्याने राहणारे प्राणीही वाढले. 2015 मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र केल्यावर कळले की एका वनस्पतिसमूहातल्या गुणधर्मांच्या एकूण फरकापैकी जवळपास पाव हिस्सा प्रजातींच्या आतलाच असतो.

इथून पुढचे वळण मात्र बहुतेकजण चुकीचे वाचतात. ‘फरक जितका जास्त, तितक्या प्रजाती जास्त’ असा सोयीचा निष्कर्ष निघाला. हार्ट, श्रायबर आणि लेव्हिन यांनी 2016 मध्ये गणिताने दाखवले ते जवळजवळ उलटे आहे. एका प्रजातीच्या व्यक्ती चहूकडे पसरल्या की त्यांतल्या काही दुसरीच्या हद्दीत शिरतात, दोघींमधले अंतर बुजते आणि एकत्र नांदणे अवघड होते. म्हणजे फरक ही जमेच्या बाजूला आपोआप पडणारी रक्कम नव्हे.

मग 2010 मध्ये क्लार्कने अमेरिकेतल्या जंगलांविषयी म्हटले होते की झाडाझाडांतला फरकच अनेक प्रजातींना एकत्र नांदवतो, त्याचे काय? मला यात विरोध दिसत नाही. क्लार्कचा फरक विखुरलेला नव्हता. तो जागेला आणि हवामानाला बांधलेला होता. कुठे ओल, कुठे उजेड, कुठे एखादे कोरडे वर्ष: त्यांना एकाच प्रजातीची झाडे बराचसा सारखा प्रतिसाद देतात, म्हणून त्यांची खरी चढाओढ आपल्याच भाईबंदांशी होते आणि परक्यांना वाव उरतो. सरासरी काढली की ही वीण उसवते. फरक किती आहे याइतकेच तो कुठल्या जागेशी जोडलेला आहे हेही महत्त्वाचे. या इतिहासाचा धडा मी हाच मानतो.

विरारहून डहाणूकडे जाताना वैतरणा खाडीच्या पुलाच्या दोन्ही अंगांना कांदळवन लागते. रोज भरती चढते त्या काठावर तिवर हे कांदळवनातले झाड उंच वाढते. आत, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोहोचते आणि उन्हाने माती खारावते, तिथे तेच तिवर कमरेएवढे खुरटते; पानावर बोट फिरवले तर मिठाचे कण लागतात. यातले काही मातीचे देणे, काही बियाण्याचे. खुरटे झाड कमअस्सल नव्हे. त्या मिठात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्यांची ती ओळ असू शकते. दाट काठाखाली चिंबोरी बिळे करते, उघड्या चिखलावर निवटी मासळी उड्या मारते. झाडाची ठेवण बदलली की खालचा शेजारही बदलतो.

पाचपटीचा हिशेब हे सगळे पुसतो. हाताशी असलेल्या मोजक्या उंच झाडांचे बियाणे आणून रोपे केली आणि मिळेल त्या चिखलात ओळीने रोवली, तर आकडा पुरा होईल. खुरट्या तिवरांचा वारसा त्यात येणार नाही आणि निवटीचा उघडा चिखल मात्र जाईल. म्हणून लागवडीआधी तीन गोष्टी मागायला हव्यात: बियाणे त्याच खाडीचे, काठापासून आतल्या खाऱ्या पट्ट्यापर्यंतच्या अनेक झाडांचे असावे, कुठले रोप कुठल्या मातृवृक्षाचे आणि कुठल्या जागेचे याची नोंद असावी, आणि भराव घालून अडवलेली भरती आधी मोकळी करावी, कारण पाणी खेळू लागले की तिवर स्वतःच आपली जागा निवडते. या तीन अटी न पाळणारी लागवड ही वृक्षसंख्येची नोंद आहे. तिला जैवविविधतेची भरपाई म्हणून मान्यता देऊ नये.