कंटेंट तोच, नोंद कुठे?

संध्याकाळच्या लोकल रिकाम्या होतात तेव्हा डोंबिवलीचा फडके रोड असो, कल्याणचा शिवाजी चौक असो की ठाण्याचा नौपाडा, मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘ही कंपनी नाहीये, पण कंटेंट तोच आहे.’ गिऱ्हाईक पट्टी उलटसुलट करून बघतं आणि पैसे देतं. औषध शेड्यूल एच किंवा एक्समधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारं असेल, तर हा व्यवहार बेकायदा आहे. १९४५च्या औषध नियमांतील नियम ६५ (११ए) प्रमाणे चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी.

हा नियम बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पर्यायी औषध आजही दिलं जातंच. फक्त ते चोरून दिलं जात असल्यामुळे त्याची नोंद राहत नाही, आणि पुढच्या वेळी साखर किंवा रक्तदाब का हलला हे डॉक्टरला उमगत नाही. शिवाय सरकारच्याच धोरणात विसंगती आहे. २००८पासून स्वस्त जेनेरिक, म्हणजे ब्रँडनाव नसलेली, औषधं विकणारी जनऔषधी केंद्रं उघडली गेली. तिथे येणाऱ्याच्या हातात बहुतेकदा ब्रँडचीच चिठ्ठी असते. म्हणजे योजना सफल व्हायची, तर काउंटरवरच्या फार्मासिस्टने नियम मोडायचा. ठाण्यात अर्जुन देशपांडे यांनी उभ्या केलेल्या ‘जेनेरिक आधार’ या स्वस्त औषधांच्या कंपनीत २०२० साली रतन टाटांनी वैयक्तिक गुंतवणूक केली, तेव्हा स्वस्त औषधाचं स्वागत झालं. चिठ्ठीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

प्रश्न जुना आहे. १९७५मध्ये सरकारने नेमलेल्या हाथी समितीने ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने हटवण्याची शिफारस केली होती. अलीकडे, २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावच लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. डॉक्टरांच्या संघटनेचा आक्षेप असा, की मग कंपनी निवडणार दुकानदार, आणि तो निवडणार स्वतःचा नफा बघून. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. मूल्यनियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत सुरुवातीला कंपनीच ठरवते. त्यामुळे दुकानदाराला अगदी स्वस्तात पडलेल्या जेनेरिक पट्टीवरही ब्रँडच्या जवळपासची एमआरपी असू शकते. अशा वेळी बदललेल्या औषधाचा फायदा रुग्णाच्या घरी पोचत नाही, गल्ल्यातच राहतो.

दुसरी शंका गुणवत्तेची, आणि ती अधिक गंभीर. घटक तोच असला तरी गोळी विरघळून रक्तात किती उतरते, हे वेगळं तपासावं लागतं. सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या परवान्यासाठी ही जैवसमतुल्यता चाचणी एप्रिल २०१७मध्ये सक्तीची झाली. त्याआधी, औषधाच्या पहिल्या मंजुरीला चार वर्षं उलटली की राज्याचा परवाना तिच्याशिवाय मिळे. फिटांवरचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, थायरॉइडची गोळी यांत थोडा फरकही महागात पडतो. अमेरिकेचं औषध प्रशासन १९८०पासून ‘ऑरेंज बुक’ काढतं. कोणतं औषध कशाच्या जागी चालेल हे तिथला फार्मासिस्ट त्यात बघतो. आपल्याकडे अशी यादी नाही. ती आधी हवी, आणि फेनिटॉइनसारखी औषधं तिच्याबाहेर हवीत. चिठ्ठीवर ‘बदलू नये’ असं लिहिण्याचा हक्क डॉक्टरकडे राहिला पाहिजे.

आणि अधिकार द्यायचा तो फार्मासिस्टला, दुकानाला नव्हे. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना त्यांनी हाच नियम लावून धरला, तेव्हा औषधविक्रेते संपावर गेले होते. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच मुलगा, ही स्थिती असेल तर पर्यायाचा हक्क त्या मुलाच्या हाती जाईल.

औषधविक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने पर्याय देण्याचा हक्क मागितलेला आहे. तिचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे कल्याणचेच, त्यामुळे ही मागणी आपल्या गावातूनच पुढे जाते. तिला तीन अटी संघटनेनेच जोडाव्यात : दिलेलं औषध लिहिलेल्यापेक्षा रुग्णाला स्वस्तच पडेल, बदलण्याआधी त्याला विचारलं जाईल, आणि बिलावर दोन्ही नावं व देणाऱ्या फार्मासिस्टचा नोंदणी क्रमांक छापला जाईल. बॅच नंबर आणि मुदत बिलावर आजही येतात. त्याखाली आणखी एक ओळ छापायला नवं यंत्र लागत नाही.