कापसाच्या मुलखातली बॅग

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत पलंगावर एक मोठी बॅग उघडून ठेवलेली दिसते. मुलगा नाहीतर मुलगी लंडनला असते, इथे पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि ‘उन्हाळा इकडेच काढा’ असा आग्रह फोनवर महिनाभर चाललेला असतो. बहुतेक विमान कंपन्यांचा हिशेब एका बॅगेला 23 किलोचा. त्यातले निम्मे किलो बिबडे, कुरडया, काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि केळीचे वेफर्स यांनी आधीच घेतलेले असतात. उरलेल्या जागेत कपडे बसवायचे.

त्या जागेत काय जातं? लग्नकार्यात मिळालेल्या, अजून घडी न मोडलेल्या साड्या. जळगावच्या फुले मार्केटमधून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरून आणलेले नवे सुती ड्रेस. वडिलांच्या दोन जीन्स आणि कडक इस्त्रीचे शर्ट. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेला एक जाडजूड स्वेटर, आणि सगळ्यात वर छत्री. एकेक वस्तू चांगली, जपून ठेवलेली असते. पण ही बॅग भरताना डोळ्यांपुढे व्याही असतात, मुलाचे मित्र असतात, फोटो असतात. तिथला एप्रिल डोळ्यांपुढे नसतो.

तो एप्रिल कसा असतो? दिवसा साधारण 15 अंश, रात्री 6-7. सकाळी ऊन, दहाला भुरभुर, बाराला पुन्हा ऊन, चारला वाऱ्यासकट सर. लंडन हे पावसाचं शहर म्हणून आपल्याला माहीत आहे, पण तिथे वर्षाकाठी पडतो साधारण 600 मिलिमीटर. जळगावात जवळपास तेवढाच, बऱ्याच वर्षी थोडा जास्तच पडतो. धुळ्यात थोडा कमी. फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. आपला सगळा पाऊस जून ते सप्टेंबरच्या मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. त्यांचा बारा महिन्यांवर बारीक-बारीक पसरलेला. आपल्याला पाऊस कमी ठाऊक आहे असं नाही. आपल्याला ठाऊक असलेला पाऊस वेगळा आहे.

खरं तर खानदेशात पावसापासून अंग राखावं ही भावनाच फारशी रुजलेली नाही. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला हा मुलूख. कसाऱ्याच्या घाटात धो धो कोसळणारा ढग चाळीसगावपर्यंत येईतो रिता झालेला असतो. मृगाची पहिली सर आली की इथे माणसं अंगणात येऊन उभी राहतात. कोपऱ्यातली छत्री निघते ती बहुतेक वेळा उन्हासाठी. ज्याची वाट पाहण्यात मे महिना सरतो, त्याला अंगावरून झटकून टाकणारा कपडा विकत घेणं हे आपल्या स्वभावात बसत नाही, आणि मला यात गैर काही वाटत नाही. मुंबईच्या अनुभवाचाही इथे उपयोग होत नाही. तिथला पाऊस मोठा, पण हवा उबदार. भिजलं तर कपडे बदलले की झालं. 8-10 अंशांत, वाऱ्यात, चालता चालता भिजलेलं माणूस मात्र तासाभरात कुडकुडायला लागतं, आणि वय साठीच्या पुढचं असेल तर हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

अडचण आपल्या कापसावरच्या श्रद्धेची आहे. ती श्रद्धा आंधळी नाही, अनुभवाची आहे. सुती कपडा घाम शोषतो आणि तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून तर भुसावळच्या उन्हात माणूस तगून राहतो. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, यांच्या भोंग्यावर ज्यांची घरं चालली त्यांच्यासाठी तर कापूस हे निव्वळ कापडही नव्हतं. पण जो गुण उन्हात तारतो तोच थंड पावसात उलटतो. सुताने पाणी घेतलं की त्याच्या धाग्यांमधली हवा जाते आणि तिथे पाणी बसतं. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने अंगातली ऊब बाहेर नेतं. भिजलेली जीन्स आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर दोन तासांत कडक वाळते. लंडनच्या फ्लॅटमध्ये ती दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलसर लागते.

गंमत म्हणजे पावसाळी कोटाच्या इतिहासात कापूसच आहे. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशने कापडाच्या दोन पदरांमध्ये रबराचा थर देऊन पाणी अडवणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याचा कारखाना मँचेस्टरला निघाला. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मुंबईमार्गे मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्यांकडे वळलेल्या देशी कापसात आपल्या खानदेशचाही होता. 1879 मध्ये टॉमस बर्बरीने गॅबर्डिन काढलं. त्यात सूत आधीच पाणी न घेणारं करून मग घट्ट विणलं जाई. म्हणजे कापसालाही पावसात उभं राहता येतं, फक्त त्याला तसं घडवावं लागतं. फुले मार्केटमधल्या नव्या ड्रेसला कुणी तसं घडवलेलं नसतं.

थंड पावसात काय घालावं हे खानदेशाला मुळात ठाऊक नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडतात, पावसातही. त्यांच्या खांद्यावर असते ती काळ्या लोकरीची घोंगडी. सर आली की तिची खोळ करून डोक्यावरून घ्यायची. जाड, खरखरीत, वजनदार. लोकर तिच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. तिचा कुरळा तंतू आत हवा धरून ठेवतो, म्हणून भिजली तरी ऊब पुरती जात नाही. आज परदेशी दुकानांत मेरिनो लोकरीच्या पातळ बनियनला हजारो रुपये पडतात, ते याच गुणाचे. आपल्या शेजारून शतकानुशतकं हे ज्ञान मेंढ्यांबरोबर चालत गेलं. आपण गावातले कापसाचे लोक, त्याच्याकडे गरिबांचं पांघरूण म्हणून पाहत राहिलो. मला याची मनापासून खंत वाटते.

म्हणून माझं म्हणणं, बॅगेतला तो जाड स्वेटर काढून ठेवावा. तो निम्मी जागा खातो, आणि त्यावरून जॅकेट चढत नाही. अंगालगत पातळ लोकरीचं किंवा लवकर वाळणारं थर्मल, त्यावर हलकं फ्लीस, त्यावर टोपीचं जॅकेट. ऊन पडलं की मधलं काढून पिशवीत टाकता येतं. जॅकेट घेताना बाहीवर चार थेंब पाणी टाकून पाहावं. थेंब गोळी होऊन घरंगळला तर घ्यावं, कापडात मुरून डाग पडला तर दुकानदार काहीही सांगो, परत ठेवावं. लांबी मांडीपर्यंत हवी. छत्रीवर भिस्त नको, तिथला वारा ती उलटी करतो.

आता दिसण्याविषयी. ‘हे सगळं ठीक, पण चांगलं दिसायला नको का?’ हा प्रश्न आया-मावश्या विचारतात आणि तो रास्तच आहे. त्याचं उत्तर मला आपल्याच रस्त्यावर सापडतं. दुपारी एक वाजता जळगावात स्कूटरवर निघालेली बाई पाहा. अंगात पांढरा सुती सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, अंगठ्याचे पायमोजे, आणि ओढणी तिरकी दुमडून, कपाळावरून घेऊन, मानेमागे गाठ मारून, टोक आत खोचलेलं. नुसते डोळे दिसतात. हे पाच-सहा वेढे ती सिग्नलवर न पाहता नीट करते. त्यात एक ऐट आहे, आणि ती ऐट कुठल्या मासिकातून आलेली नाही. ऊन समजून घेतलेल्या कपड्याला आपोआप येते ती. पावसाच्या शहरातही ऐट अशीच येते. गडद, साधं जॅकेट, गळ्याशी एकच ठसठशीत रंगाचा स्कार्फ. दहा साड्यांपेक्षा तो फोटोतही जास्त उठून दिसतो.

आणि साडीचं काय? मुलं म्हणतात, आई, तिकडे पँटच घाल. तिला हौस असेल तर जरूर घालावी. पण जिने चाळीस वर्षं साडीच नेसली तिला परक्या देशात, परक्या हवेत, स्वतःचं चालणंही परकं करून देणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले ते पंचा नेसून आणि शाल पांघरून, आणि बकिंगहॅम राजवाड्यातही त्याच वेषात गेले. साडीला अशक्य काही नाही. सुती आणि काठापदराच्या रेशमी साड्या घरी ठेवाव्यात. जॉर्जेट किंवा तत्सम हलकी, पाणी न धरणारी साडी घ्यावी. ती रात्री पिळून टाकली की सकाळी नेसता येते. परकराखाली थर्मल, पदर खोचून वरून जॅकेट.

पैसे खर्च करायचे तर बुटांवर करावेत. वरून पाणी न घेणारे, तळाला पकड असलेले, मोज्यासकट मापून घेतलेले बूट, आणि तेही निघायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. महिनाभर आधी आणावेत, साडीवर ते घालून रोज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाकडे चालायला जावं. लोक दोन दिवस पाहतील. तिसऱ्या दिवशी साडी त्या बुटांच्या मापाने दोन बोटं वर नेसायची सवय होते, आणि पायात लक्ष न ठेवता समोर बघत चालता येतं.