सफरचंदाचा गंध आणि पाकज गुण

गंध हा पृथ्वी या द्रव्याचा विशेष गुण असला तरी तो ‘पाकज’, म्हणजे तेजाच्या संयोगाने पालटणारा आणि म्हणून अनित्य आहे, असे वैशेषिक दर्शन मानते. हा पालट नेमका कोठे होतो, याविषयी वैशेषिकांचा पिलुपाकवाद सुट्या परमाणूंकडे बोट दाखवतो, तर नैयायिकांचा पिठरपाकवाद अवयवीकडे, म्हणजे अवयवांनी घडलेल्या अखंड वस्तूकडे. ‘तर्कसंग्रहा’वरील ‘न्यायबोधिनी’ टीका तर गवतात पिकत घातलेल्या आंब्याचा, आपल्याकडच्या अढीचाच, दाखला घेऊन रंग पालटवणारा तेजःसंयोग वेगळा आणि चव पालटवणारा वेगळा, असे बजावते.

हे बारकावे काश्मीरच्या सफरचंदालाही लागू पडतात. फळ पिकताना इथिलीन वायूच्या चालनेने त्यातील मेदाम्ले व अमिनो आम्ले यांपासून अल्कोहोले आणि त्यांपासून एस्टर ही सुवासिक, सहज उडून जाणारी संयुगे घडतात. म्हणून दूरच्या बाजारासाठी कच्चे तोडलेले, किंवा शून्य अंशाच्या आसपास, अवघ्या 1 ते 3 टक्के प्राणवायूच्या कोठारात महिनोन्‌महिने ठेवलेले फळ लालबुंद व टणक राहूनही बाहेर आल्यावर पुरेसे दरवळत नाही. गंध अखेर रेणूंचाच, म्हणून पिलुपाकवाद्याची सरशी झाल्यासारखी वाटते. परंतु ते रेणू श्वसन करणाऱ्या अखंड फळातच घडत असल्यामुळे पिठरपाकाची बाजू अधिक ग्राह्य ठरते, मग त्या वादात मुख्य उदाहरण आव्यात भाजलेल्या निर्जीव घड्याचे का असेना.