वाटाड्याचे थांबे

वाटाड्या वाट दाखवतो, असं आपण सहज म्हणतो. शब्दच तसा आहे. पण मेळघाटात कोरकू वाटाड्याच्या मागून चालताना उमगतं, की वाट ही त्याने दिलेली सगळ्यांत लहान गोष्ट. तो मोलाचे देतो ते थांबे.

दूरचं एक उदाहरण घ्या. तुर्कस्तानात भूमध्य समुद्राच्या काठाने ‘लिशियन वे’ नावाची लांबलचक पायवाट जाते. १९९९ साली ती खुली झाली. दगडांवर तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत आणि बऱ्याच ठिकाणी एका अंगाला समुद्राची सोबत आहे. तरीही अनेक जण तिथे वाटाड्या घेतात. वाट समोर दिसत असतानाही तो हवासा वाटतो, तर त्याचं काम वाटेपलीकडचं असलं पाहिजे.

ते काम मेळघाटात नीट दिसतं. चालणाऱ्याची नजर पायांपाशी असते आणि कान स्वतःच्या पावलांनी भरलेले असतात. पाचोळ्यात चार माणसं चालू लागली की जंगल गप्प होतं. पुढचा वाटाड्या हात वर करून म्हणतो, “थांबा भाऊ.” मिनिटभर काहीच घडत नाही. मग एक पाखरू बोलतं, दुसरं त्याला साथ देतं. दूर वानर खोकतं. वाटाड्या लगेच वाघाचं नाव घेत नाही. तो दुसऱ्या आवाजाची वाट पाहतो. चितळानेही इशारा दिला, तरच कान त्या दिशेला लावतो. नदीच्या ओल्या रेतीत पाऊल उमटलेलं असेल तर आधी त्याची कड पाहतो. कड धारदार आहे की ढासळलेली, वर दवाचे थेंब पडलेत की नाही, यावरून तो वेळ सांगतो. हे चालता चालता कळत नाही, थांबल्यावरच कळतं.

पण कुठे थांबायचं हे त्याला कोणी शिकवलं? त्याच्या पोटाने. चैत्रात भल्या पहाटे मोहफुलं वेचताना आजी ज्या झाडाखाली बसायची, तो एक थांबा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना पाणी जिथे मिळतं, तो दुसरा. गुरं दुपारी जिथे टेकायची, तो तिसरा. सिपना नदीचं नावही कोरकूत सागाचं नाव आहे, हे तो नदीत पाय बुडवून सांगतो, तेव्हा काठावरचा साग आपण नव्याने पाहतो. अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्यावर तो महाकाली दरवाजापाशी थांबतो. १४८७ सालचा शिलालेख तिथे दगडात आहे. घाईने वर जाणाऱ्याला तो नुसती नक्षी वाटतो.

थांब्यांचं हे मोल वऱ्हाडाला नवं नाही. पंढरीला निघालेल्या पालखीचा माणूस अंतर मोजतो ते मुक्कामांनी आणि विसाव्यांनी. महानुभावांनी तर चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे वस्तीला राहिले, याची ‘स्थानपोथी’च केली. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांना पवित्र आहे, ते चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथे वावरले, बसले, थांबले म्हणून. प्रवास सांगायचा तर थांबे सांगा, ही आपल्या पूर्वजांची रीत होती.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली आणि अकोटच्या बाजूला सपाटीवर वसली. पुढे आणखी गावं निघाली. वाघाला निवांत रान मिळालं, ते हवंच होतं. पण गावाबरोबर मोहाच्या झाडांची, झऱ्यांची, बसण्याच्या दगडांची नावंही खाली उतरली. ती नावं ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं आता म्हातारी होत आहेत. रान नकाशावर राहील, त्यातले थांबे मात्र मुके होतील.

वाटाड्याला दिवसाची मजुरी देऊन आपण मोकळे होतो. त्याला जाणकाराचा मान द्यायला हवा, आणि त्याच्या आजीला विचारून मेळघाटाची एक स्थानपोथी कोरकू नावांसकट लिहून घ्यायला हवी. तोवर पुढच्या खेपेला निदान एवढं करावं: त्याने हात वर केला, की “काय दिसलं?” असं लगेच विचारू नये. त्याच्यासारखंच उभं राहावं.