मुठीचं गाडगं

कृष्णाकाठच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. एकरभर जमीन, दोन म्हशी, बायको, म्हातारी आई आणि एक मुलगी एवढा त्याचा संसार. त्यानं आजवर कुणापुढं हात पसरला नव्हता. दुकानदार "राहू द्या, मागाहून द्या" म्हणाला, तर तो पिशवीतला अर्धा माल परत ठेवायचा. पण वहीत नाव लिहू द्यायचा नाही.

मुलगी हुशार निघाली. बारावीनंतर तिनं सीईटी दिली आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विभागात तिचा नंबर लागला. घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी खर्चाचा हिशेब समोर आला.

"आबा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरू या," मुलगी म्हणाली. "२०२४ पासून मुलींची फी सरकार भरतंय. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. आपण बसतो त्यात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेवढा लागंल."

"म्हंजे आपण गरीब हाय म्हणून शिक्का मारून घ्यायचा?" बाप म्हणाला. "माझ्या पोरीची फी मी भरीन."

संध्याकाळी त्यानं सातबारा खिशात घातला आणि तो सावकाराकडं निघाला. व्याज शेकडा दोन रुपये महिना. मुलगी काही बोलली नाही. बोलली ती सोप्यात बसलेली म्हातारी.

"कुठं निघालास?"

त्यानं सांगितलं.

"बस जरा," म्हातारी म्हणाली. "मी ल्हान हुते तवा आमच्या जात्यापाशी एक गाडगं असायचं. दळाय बसायच्या आदी आई रोज एक मूठ जोंधळा त्यात टाकायची. आठवड्यानं बोर्डिंगची पोरं यायची आन् गाडगं वतून न्यायची. आमच्या घरात तवा साळंत जाणारं एक बी पोर न्हवतं. मी आईला इचारायची, आपल्या घासातलं त्यांना का? आई म्हणायची, अण्णांची पोरं हायती, शिकतील."

अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. एकदा त्या मुलांच्या जेवणाला पैसा उरला नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं मंगळसूत्रही मोडलं.

"मग?" शेतकऱ्याला यात आपला संबंध कळेना.

"तुला बाराखडी शिकिवणारं मास्तर आठवत्यात का? पावसाळ्यात वढ्याला पाणी आलं की तुला खांद्यावर घिऊन यायचं."

"आठवत्यात की."

"ते बोर्डिंगचंच पोर. त्यांनी आमच्या गाडग्यातलं खाल्लं. त्यांना कुणी भिकारी म्हणालं का? आन् त्यांनी शिकिवलं म्हणून तुला आज त्यो सातबारा वाचता येतो. आरं, तुझं घेऊन झालंय कवाच."

तो बराच वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला. मग त्यानं सातबारा पेटीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक तलाठ्याकडं गेली आणि तिथून तालुक्याच्या सेतू केंद्रात. रांग दारापर्यंत आली होती. बापाची मान खाली होती. ओळखीचं कुणी भेटू नये, असं त्याला वाटत होतं. पण रांगेत सगळे ओळखीचेच होते. शेजारच्या गावचा दूधवाला होता, गवंडी होता, अंगणवाडीच्या मदतनीस बाई होत्या. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्ड होतं आणि प्रत्येकाच्या तोंडी पोराचं नाहीतर पोरीचं नाव होतं. गवंड्यानं त्याला विचारलं, "पोरगी कशाला गेली?" "इंजिनिअरिंगला," तो म्हणाला आणि त्याची मान आपोआप वर झाली.

पण काम एका फेरीत झालं नाही. दाखल्यावर नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यावं लागलं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तर तो त्रुटी दाखवून परत आला. मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. बँकेत अर्ज दिला, वाट पाहिली, पुन्हा अर्ज पाठवला. बरीच मुलं याच टप्प्यावर थकतात. पैसा त्यांच्या नावानं ठेवलेला असतो आणि ती एका कागदासाठी माघारी फिरतात. ही मुलगी फिरली नाही.

शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. राहण्याजेवणाचा खर्च मात्र होताच. बाप अल्पभूधारक, म्हणून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही तिनं भरला. तो भत्ता उशिरा आला. तोवर मेसचं बिल म्हशींच्या दुधानं भागवलं. विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत तिला ग्रंथालयात काम मिळालं. तास संपले की ती तिथं पुस्तकं लावायची आणि लावता लावता त्यातलं एखादं वाचायची.

वर्ष गेलं. जून उजाडला. एका सकाळी तिला गावाहून फोन आला.

"अर्ज पुन्हा भरलास का?" बाप विचारत होता. "दर वर्षी नव्यानं भरावा लागतो म्हणं. मी तलाठ्याला इचारून आलोय."

त्याच पावसाळ्यात भावकीतल्या एकानं मुलाचं इंजिनिअरिंगचं नाव काढून घ्यायचं ठरवलं. मुलाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी फी मिळणार होती. पण हा माणूसही आपल्या नायकासारखाच. दाखल्याचं नाव काढलं की गप्प व्हायचा. शेतकरी त्याच्या घरी गेला, चहा घेतला, मास्तरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर मागं बसवून तालुक्याला नेलं आणि दाखला हातात पडेपर्यंत त्याच्याबरोबर रांगेत उभा राहिला.

शिष्यवृत्ती ही कुणा एकाची मेहेरबानी नाही. त्या म्हातारीच्या आईची मूठ आता कराच्या रूपानं सरकारी तिजोरीत पडते. साबणाच्या वडीवर, मोबाईलच्या रिचार्जवर गरीब माणूसही तो कर भरतोच. ज्यानं वर्षानुवर्षं टाकलं, त्याच्या लेकरानं त्यातलं घ्यायला लाजावं, हे मला अन्यायाचं वाटतं. घेणाऱ्यानं ताठ मानेनं घ्यावं आणि आपली पाळी आली की टाकावं.

तुमच्या गल्लीत यंदा बारावी झालेलं एखादं मूल असेल, तर निकालाची वाट न पाहता त्याच्या घरी जा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायला सांगा. खात्याला आधार जोडलंय का ते बघा. आणि त्याचा बाप संकोचत असेल, तर एक दिवस मोडून त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा.