पंधरा गोण्या

निपाणीजवळच्या एका गावात एक शेतकरी होता. त्याला दोन मुलगे होते. थोरला अंगाने दणकट, धाकटा मुकाट्याने काम करणारा. एका वर्षी तंबाखूला चांगला भाव आला. शेतकऱ्याने दोघांना सारखे पैसे दिले आणि म्हणाला, "बेंगळुरूला जा. आपापलं पोट आपापल्या हातानं भरा."

दोघे बेंगळुरूतल्या यशवंतपूरला आले. तिथे बाजार समितीचे मोठे यार्ड आहे. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरकडून कांद्याचे ट्रक तिथे येतात. तिथून कांदा शहरभर जातो, तो छोट्या गाड्यांतून. दोघा भावांनी दसऱ्याला एकसारख्या दोन छोट्या मालगाड्या घेतल्या. दोन्ही गाड्या पाऊण टन पासिंगच्या. दोन्हींना दोन वर्षांची किंवा ७२,००० किलोमीटरची हमी, यांतले जे आधी संपेल ते.

धाकट्याने हमीचे पुस्तक रात्री दिव्याखाली बसून वाचले. थोरल्याने ते सीटखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी यार्डात हमाल गोण्या भरू लागले. पन्नास किलोची एक गोणी. धाकट्याने पंधरा मोजल्या आणि हात वर केला. "बस."

थोरल्याच्या गाडीत पंचवीस चढल्या. मागचे पाटे सपाट झाले, पण गाडी निघाली. संध्याकाळी त्याच्या खिशात धाकट्यापेक्षा जास्त पैसे होते.

असे दिवस जाऊ लागले. सर्व्हिसची वेळ आली की धाकटा एक दिवस खाडा करी. गाडी सर्व्हिस सेंटरला लावी, पुस्तकात शिक्का घेई. थोरला म्हणे, "एक दिवस म्हणजे दोन फेऱ्या बुडाल्या." तो रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून ऑइल टाकून घेई, तेही आठवण झाली तर. पावती मागत नसे.

धाकट्याने एक लाल वही केली होती. रोज रात्री तो चार गोष्टी लिही: किती किलोमीटर, किती गोण्या, कोणत्या गाळ्याचा माल, गाडीचा काही आवाज आला का. गाळ्याचे बिल तो त्याच पानाला टाचणीने लावी.

"काय रे, गाडीची कुंडली मांडतोस?" थोरला विचारी.

"लिहून ठेवतो, दादा. उद्या आठवत नाही."

चौदा महिने झाले. एके पहाटे गोरगुंटेपाळ्याच्या पुलावर थोरल्याच्या गाडीचा क्राऊन, म्हणजे मागच्या धुऱ्यातले दातेरी चक्र, तुटला. मागची चाके जागीच थांबली. गाडी ओढत न्यावी लागली. त्याच आठवड्यात धाकट्याच्या गाडीच्या मागच्या धुऱ्यातूनही घरघर येऊ लागली. त्याने वहीत तारीख घातली, गाडी उभी केली आणि तोही सर्व्हिस सेंटरला गेला.

तिथला साहेब दोघांनाही कानडीत म्हणाला, "कांद्याच्या गाड्या सगळ्या सारख्याच. जादा भार भरता आणि मग हमी मागता. पैसे भरा, दुरुस्त करून देतो."

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, "बघ, तुझं आणि माझं सारखंच झालं. चौदा महिने दहा-दहा गोण्या कमी भरून काय मिळवलंस?"

धाकट्याकडे उत्तर नव्हते. तो यार्डात परत आला आणि एका गाळ्याच्या पायरीवर बसला. गाळ्यावरच्या म्हाताऱ्या मुनीमाने त्याला विचारले. त्याने सगळे सांगितले.

मुनीम म्हणाला, "तोंडी मागितलंस, म्हणून तोंडी नाही म्हणाले. लेखी माग. वहीच्या आणि पावत्यांच्या नकला जोड, आणि पोच घे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्यानं ग्राहकच असतो. २०१९च्या कायद्यात तसं लिहिलंय. न्याय नाही मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं जावं लागतं. पण आधी पत्र दे."

धाकट्याने पत्र दिले. सोबत सर्व्हिसच्या शिक्क्यांच्या नकला होत्या, चौदा महिन्यांची बिले होती. प्रत्येक बिलावर पंधरा गोण्या, कधी बारा, कधी चौदा. सोळावी गोणी कुठेच नव्हती.

साहेबाने पाने उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग त्याने कंपनीच्या इंजिनिअरला बोलावले. इंजिनिअरने आधी धाकट्याच्या गाडीचा धुरा उघडला. तेल पुरेपूर होते, स्वच्छ होते. आत एका दात्याला मुळातच चीर होती. मग थोरल्याचा धुरा उघडला. तेल तळाला गेले होते, काळे पडले होते, जळका वास येत होता. दाते घासून गुळगुळीत झाले होते.

आठव्या दिवशी धाकट्याला नवा क्राऊन विनामूल्य मिळाला. थोरल्याला स्वतःच्या खिशातून बसवावा लागला. पंचवीस गोण्यांची जादा कमाई आधीच टायरांत, पाट्यांत आणि जादा भाराच्या दंडात गेली होती. उरलेली इथे गेली.

त्या रात्री थोरला भावाच्या खोलीवर आला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता वही सुरू केली तर हमी परत मिळेल का रे?"

"हमी नाही मिळणार, दादा. गाडी टिकेल."

धाकट्याने सकाळी एक नवी लाल वही आणून दिली. त्या दिवशी यार्डात हमाल सोळावी गोणी उचलू लागला, तेव्हा थोरल्याने हात वर केला. "बस."

पुढे दसरा आला. दोन्ही गाड्यांची हमी संपली. त्या रात्रीही दोघा भावांनी वह्या उघडल्या आणि लिहिले: पंधरा गोण्या.

तात्पर्य: नीट वागावे, आणि नीट वागल्याची नोंदही ठेवावी. दुसऱ्याने दिलेली हमी मुदतीपुरती असते. आपली राखण गाडीला शेवटपर्यंत पुरते.