एकोणपन्नास निरपराध

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की याच्या उलट काही न्याय्य असू शकेल, असे मनातही येत नाही. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा, ही आपल्या न्यायबुद्धीची पहिली पायरी. मीही आजवर तसेच मानीत आलो. पण हे सूत्र एका ठिकाणी नेमके उलटे वापरावे लागते, आणि ते उलटे वापरणाराच तिथे भला माणूस ठरतो, हे मला समजले ते काडतुसे भरण्याच्या टेबलापाशी.

वाचकांनी दचकू नये. दिवाळीच्या दिवसांत ‘दारू’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शोभेची दारू येते. मी बोलतो आहे ती बंदुकीची. आपल्याकडे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र घरच्या गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरणे हा, कुणी सुतारकाम करावे तसा, फावल्या वेळचा छंद आहे. विकायची झाली तरच तिथल्या केंद्र सरकारचा परवाना लागतो. परंपराही जुनी. 1870 च्या सुमारास गवे मारीत हिंडणारे शिकारी रात्री शेकोटीपाशी बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरीत असत. कारण साधे आहे. बार उडाला की गोळी गेली, दारू जळली, प्रायमर संपला. पण पितळेची पुंगळी शाबूत राहते, आणि महाग वस्तू तीच. हा प्रायमर म्हणजे आपल्या ठासणीच्या बंदुकीवरच्या टोपीचा वंशज. जुना काढायचा, नवा बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची, की काडतूस पुन्हा तयार.

‘मोजून’ हा शब्द मी लिहिला खरा, पण सगळा घोळ त्याच शब्दात आहे. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसात दारू जाते ती पाच ग्रेनांच्या आसपास. ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. तेव्हा ही सारी चिमूटभराची गोष्ट. काही जहाल जातींच्या दारूने पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही. म्हणजे हात चुकून दोनदा पडला, तरी ती बिनबोभाट मावते. वर गोळी बसली की झाले. दुप्पट भरलेले काडतूस आणि बरोबर भरलेले काडतूस ही दिसायला जुळी भावंडे. एक निशाण्यावर लागते, दुसरे पिस्तूल फोडून चालवणाऱ्याच्या हातावर येते.

याच्या उलट चूक म्हणजे दारू अजिबात न पडणे. ही तर मला अधिकच विलक्षण वाटते. अशा काडतुसात प्रायमरची तेवढी ठिणगी उडते आणि तिच्या जोराने गोळी नळीत शिरून मध्येच अडकते. आवाज होतो तो अगदी फुसका, हाताला धक्का जवळजवळ नाहीच. चालवणाऱ्याने इथे थांबले पाहिजे, पिस्तूल रिकामे केले पाहिजे, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिले पाहिजे. न थांबता त्याने पुढचा चाप ओढला, तर मागून आलेली गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे घात होतो तो निर्दोष काडतुसाच्या हातून! आणि चाप ओढूनही काहीच झाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट तरी स्वस्थ राहायचे. बार उशिरा उडू शकतो. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून पाहणाऱ्या पोराला आपण दर दिवाळीत ओरडतो, ते याच कारणासाठी.

माझा भाचा ओहायोत राहतो. त्याच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांचा हाच छंद होता, आणि मी महिनाभर तिकडे असताना त्यांच्या टेबलापाशी बसण्याची मला मोकळीक होती. अट एकच, डोळ्यांवर चष्मा आणि तोंड बंद. टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जातींचा जळण्याचा वेग निराळा असतो, म्हणून चिठ्ठी नसलेली दारू ते कधी वापरीत नसत, ‘बहुतेक तीच’ म्हणून डब्यात परतही ओतीत नसत. ती बागेत पातळ पसरून टाकायची.

एके दिवशी पन्नास काडतुसे भरता भरता मध्येच टेलिफोन आला. ते बोलून परत आले, काम पुरे केले, आणि शेवटचे काडतूस पेटीत पडल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या यंत्राची चकती हाताने फिरवावी लागते. टेलिफोनला उठण्यापूर्वी दारूची कळ ओढली होती का, आणि आल्यावर ती पुन्हा ओढली का, हे त्यांना आठवेना. सगळी काडतुसे एकाच पेटीत पडलेली. संशयित कोणते ते सांगता येईना. त्यांनी कपाटातून एक हातोडीसारखे हत्यार काढले. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकले की झटक्याने गोळी सुटते, दारू बाहेर येते. ते एकेक काडतूस मोडायला बसले. पन्नासच्या पन्नास.

भाच्याला हे पटले नाही. तो इंजिनिअर आहे.

“मामा, ही काडतुसे नुसती तोलली तर भागणार नाही का? दुप्पट दारूचे जड लागेल.”

मी गृहस्थांना विचारले. त्यांनी मान हलवली. गोळीचे वजन 115 किंवा 124 ग्रेन. जुन्या पुंगळ्या निरनिराळ्या कारखान्यांच्या, त्यांच्या वजनातच काही ग्रेनांचा फरक. त्या गर्दीत पाच ग्रेनांची चूक सहज लपते.

“पण मामा,” भाचा हट्टाला पेटला, “फार तर एक खराब असेल. कदाचित एकही नसेल. एकोणपन्नास चांगली मोडायची म्हणजे अन्यायच म्हणायचा.”

“अरे, पितळेला कसला न्याय?” मी म्हणालो खरा, पण उत्तर पोकळ आहे हे माझे मलाच जाणवले. न्यायालयातले सूत्र इथे का चालू नये? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटते, न्यायालयात न्यायाधीश एक असतो आणि आरोपी दुसरा. इथे पेटीतली काडतुसे आरोपी नव्हेतच. आरोपी तो कळ ओढणारा हात, आणि न्यायाधीशही त्याच हाताचा धनी. काडतुसाला संशयाचा फायदा देणे म्हणजे स्वतःलाच तो देणे. आणि त्याची किंमत भरणार कोण? चाप ओढील तो. कदाचित स्वतः, कदाचित नेमबाजीच्या मैदानावर शेजारी उभा असलेला परका माणूस, कदाचित नातू. वाचवायचा काय, तर दोन-अडीच तासांचा वेळ आणि ‘मी काही असा चुकणारा नव्हे’ हा स्वतःविषयीचा समज. माझा तर्क असा की वेळेपेक्षा हा समजच माणसाला अधिक मोडवत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे. शंकेला अंत नसतो. कुलूप लागले का म्हणून तीनदा जिने चढणारी माणसे आपण पाहतो आणि त्यांना कुणी सद्गुणी म्हणत नाही. मग सीमा कुठे? गृहस्थांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या शंकेला टेलिफोन होता. कारण असलेली शंका आणि नुसती धास्ती यांत ते फरक करीत. तो दर वेळी इतका स्पष्ट असतो असे मला वाटत नाही; पण त्या दिवशी होता.

मोडण्याची त्यांची रीत मात्र पाहण्यासारखी होती. पंधरा-वीस काडतुसांनंतर एकाचा प्रायमर जरासा वर राहिलेला दिसला. तो बाहेरून दाबून बसवायचा मोह कुणालाही होईल. त्यांनी हातही लावला नाही. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर दाबायचा नसतो. आधी गोळी, मग दारू, आणि पुंगळी रिकामी झाल्यावरच प्रायमरकडे वळायचे. ज्या क्रमाने भरले त्याच्या उलट क्रमाने, सावकाश.

प्रत्येक काडतुसातली दारू ते तराजूत घालून पाहत होते. संध्याकाळ झाली. पन्नासांपैकी एकही दुप्पट निघाले नाही, एकही रिकामे नाही.

“पाहिलेत ना, मामा?” भाचा म्हणाला.

गृहस्थांना मराठी येत नव्हते, पण सूर कळला असावा. त्यांनी गोळ्या एका वाटीत गोळा केल्या, पुंगळ्या फळीत ओळीने उभ्या केल्या, टेलिफोन स्वयंपाकघरात ठेवून दिला, आणि पहिल्या पुंगळीत पुन्हा दारू घातली. या वेळी पन्नासही पुंगळ्या भरून होईपर्यंत एकावरही गोळी बसवली नाही. मग हातात विजेरी घेऊन ते त्यांच्या तोंडात एकामागून एक वाकून पाहू लागले.